पीटीई रीटेल लेक्चर : नोट्स किती घ्यायच्या? मदत हवी आहे

पीटीई अकॅडमिकची (परदेशी युनिव्हर्सिटीत प्रवेशासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) तयारी चालू आहे, बाकी स्पीकिंग बरं चाललंय पण रीटेल लेक्चरला (re-tell, म्हणजे ऐकलेलं लेक्चर पुन्हा सांगायचा प्रश्न) गाडी अडते. लेक्चर साधारण 60 ते 90 सेकंदांचं, ते एकदाच ऐकायला मिळतं, मग 10 सेकंद तयारीला आणि लगेच 40 सेकंदांत सगळं आपल्या शब्दांत बोलायचं. ऐकताना भराभर लिहित बसलं की पुढचं वाक्य निसटतं, आणि नाही लिहिलं तर बोलताना नावं, आकडे, कशामुळे काय झालं हे काहीच आठवत नाही. त्यात मध्येच ३ सेकंद गप्प राहिलं की माईक बंद होतो, त्यामुळे विचार करायला थांबायची पण भीती वाटते.

काहीजण सांगतात की एक ठरलेला साचा पाठ करा आणि त्यात लेक्चरमधले शब्द नुसते टाकत जा. मला ते पटत नाही, कारण मार्क कंटेंटलापण आहेत, नुसत्या फ्लुएन्सी आणि उच्चारांना नाहीत, आणि पुढे युनिव्हर्सिटीत खरीखुरी लेक्चर्स समजून घ्यायचीच आहेत ना.

तर ज्यांनी परीक्षा दिलीये त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नोट्स नेमक्या कशा घेता? फक्त मुख्य शब्द लिहिता की बाण वगैरे काढून मुद्दे जोडता? आणि विषय अगदीच अनोळखी निघाला, समजा भूगर्भशास्त्र किंवा अर्थशास्त्र, तर पहिलं वाक्य कसं सुरू करता? सरावासाठी कुठल्या प्रकारची लेक्चर्स ऐकावीत तेही सांगा.