लेपर्ड गेकोच्या (ठिपक्यांची पाळीव पाल) टँकमध्ये खाली काय घालू?

दोन गेको, वेगळ्या टँकमध्ये, एक मोठी आणि एक जेमतेम ४ महिन्यांचं पिल्लू. आत्तापर्यंत टिश्यू पेपर घालते, सोपं आहे पण टँक अगदी दवाखान्यासारखा दिसतो आणि पिल्लू रात्रभर कागद उकरून खाली शिरतं. दुकानदाराने कॅल्शियम सँड गळ्यात मारली, किड्यासोबत पोटात गेली तर आतडं तुंबतं म्हणे, म्हणून पिशवी फोडलीच नाही. कार्पेटमध्ये नखं अडकली. आता कडप्पा टाकून फटीत माती-वाळू ७०:३० भरायचा विचार आहे. हीट मॅट टँकखाली, थर्मोस्टॅट ३२ वर. कडप्प्यातून ऊब वर येईल ना, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) काचेवर ठेवू की कडप्प्यावर? खत नसलेली माती कुठे मिळेल? आणि पिल्लाला एवढ्यात चालेल का?