अनुभव धागा : खऱ्या पेपरासारखी सराव परीक्षा कशी ओळखावी?

भंवरकुआँच्या चौराह्यावर क्लासांच्या पाट्यांखाली उभे राहिले की आपल्या इंदुरातील किती मुले एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या मागे आहेत, याचा अंदाज येतो. क्लास कोणता लावावा याची चौकशी आईवडील चार घरी फिरून करतात. सराव परीक्षांची मालिका मात्र सवलत कधी संपते हे पाहून घेतली जाते, आणि पुढचे पाच-सहा महिने मुलगा तिच्यातल्या गुणांवरून स्वतःची किंमत ठरवत राहतो. म्हणून हा विषय मांडला आहे. सराव परीक्षा खऱ्या पेपरासारखी आहे की नाही हे आपण कशावरून ठरवले, काय तपासले आणि काय सोडून दिले, ते कृपया सविस्तर लिहावे. कोणत्याही क्लासचे वा कंपनीचे नाव लिहू नये ही विनंती, कारण नावे आली की चर्चा जाहिरातीकडे वळते.

सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणारा अभियंता

माझ्या मते पहिली चाळणी अगदी ढोबळ असावी : पेपराचा सांगाडा जुळतो की नाही? कॅट म्हणजे आयआयएम या व्यवस्थापन शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा. २०१९ पर्यंत ती तीन तासांची आणि शंभर प्रश्नांची होती. २०२० साली परीक्षेचे संयोजन आपल्या आयआयएम इंदूरकडे होते, आणि करोनाच्या त्या वर्षी ती दोन तासांची झाली, ती तशीच राहिली. २०२४ च्या पेपरात ६८ प्रश्न होते : इंग्रजीचे २४, डेटा आणि लॉजिकचे २२, गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे मिळतात. विभाग संपला की मागे जाता येत नाही आणि वेळ उरला तरी पुढे सरकता येत नाही. असे असूनही जुन्या तीन तासांच्या पेपरातले प्रश्न कापून-जोडून दोन तासांत बसवलेल्या मालिका मी पाहिल्या आहेत. त्यांतले डेटाचे सेट, म्हणजे एकाच माहितीवर बेतलेले प्रश्नांचे गट, एका तासाच्या विभागासाठी रचलेले असल्यामुळे ४० मिनिटांत नुसते वाचूनच दमायला होते.

दुसरी गोष्ट पडद्याची. कॅटमध्ये पर्याय नसलेल्या प्रश्नांचे उत्तर पडद्यावरच्या आकड्यांवर माऊसने टिचकी मारत भरावे लागते, कीबोर्डला हात लावायचा नसतो. कॅल्क्युलेटरही पडद्यावरच असतो आणि तोही माऊसनेच चालवायचा. ३४७ गुणिले १८ एवढा गुणाकार कागदावर करणे जास्त लवकर होते, हे परीक्षेच्या दिवशी कळून उपयोग नाही. घरी लॅपटॉपवर भराभर आकडे टाइप करू देणारी सराव परीक्षा दर प्रश्नामागे काही सेकंदांची खोटी उधारी देते. अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेआधी जो सराव पेपर येतो, त्यातले प्रश्न ओळखीचे असले तरी पडदा खरा असतो, म्हणून तो अवश्य सोडवावा.

माझ्यासारख्या नोकरदारांनी आणखी एक पाहावे. परीक्षा सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि दुपारी साडेचार अशा तीन स्लॉटमध्ये होते आणि आपला स्लॉट प्रवेशपत्र हाती आल्यावरच कळतो. रात्री दहाला, जेवण करून, खाटेवर बसून दिलेल्या पेपराचे गुण मी कधीच हिशेबात धरले नाहीत.

देवी अहिल्या विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली विद्यार्थिनी

अभियंता दादांनी सांगाड्याबद्दल लिहिले आहे ते बरोबरच आहे, परंतु सांगाडा कोणालाही उतरवता येतो. सराव परीक्षेचा खरा कस इंग्रजीच्या उताऱ्यांत लागतो असे माझे मत आहे, आणि आपल्याकडे, जिथे घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि इंग्रजी फक्त वहीत, तिथे हा विभाग नीट निवडला नाही तर मूल महिनोन्महिने चुकीच्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत राहते.

कॅटमध्ये २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उतारे निबंधांतून, पुस्तकांतून, नियतकालिकांतून घेतलेले असतात. त्यांत एखादे मत असते, त्या मताला मुरड घालणारे वाक्य असते, आणि प्रश्न बहुतेक वेळा त्या मुरडीवर येतो. समजा, छापखान्यामुळे काही बोलींना प्रतिष्ठा मिळाली, पण सगळ्याच बोलींना ती मिळाली नाही, असे एखाद्या उताऱ्यात म्हटले आहे. चारांतले दोन पर्याय सहज गळतात. उरतात दोन : "छापखान्याने काही बोलींचे स्थान उंचावले" आणि "छापखान्याने प्रमाणभाषेचे वर्चस्व मोडून काढले". दुसरा ऐकायला भारदस्त आहे, पण वर्चस्व मोडल्याचे उताऱ्यात कुठेच म्हटलेले नाही. खऱ्या पेपरातला चुकीचा पर्याय असा चुकीचा असतो : त्याची चूक बोट ठेवून दाखवता येते.

म्हणून मी मालिका घेण्यापूर्वी तिचा विनामूल्य पेपर सोडवत असे आणि गुण न पाहता सरळ स्पष्टीकरणे वाचत असे. "हा पर्याय लेखकाच्या भूमिकेशी अधिक सुसंगत आहे" एवढे लिहून स्पष्टीकरण संपत असेल, आणि उताऱ्यातली ओळ दाखवलेली नसेल, तर प्रश्न काढणाऱ्यालाही उत्तर का बरोबर आहे ते ठाऊक नाही असे समजावे. एका मालिकेत उताऱ्याच्या शेवटच्या परिच्छेदाशी विसंगत असे उत्तर बरोबर धरले होते. मी लिहून विचारले तेव्हा "आमच्या तज्ज्ञांनी तपासले आहे" असे उत्तर आले. मी त्या मालिकेचे गणित ठेवले आणि इंग्रजी सोडून दिले. मालिका घेतली म्हणजे तिचे तिन्ही विभाग गळ्यात बांधून घेतले असे होत नाही, हे मैत्रिणींना पटवताना मात्र मला बराच वेळ लागला.

गणित शिकवणारे एक शिक्षक, जुना पलासिया

ताईंनी इंग्रजीबद्दल लिहिलेली कसोटी मी गणिताला आणि डेटाला लावून दाखवतो. विद्यार्थी मला विचारतात, "सर, ही मालिका कठीण आहे का?" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कॅटचा पेपर एकसारखा कठीण नसतो, तो खडबडीत असतो. २२ गणितांपैकी काही दीड मिनिटात सुटतात, काही पाच मिनिटे खाऊनही सुटत नाहीत, आणि ती चढत्या क्रमाने मांडलेली नसतात. सतराव्या क्रमांकावर नववीच्या पातळीचा टक्केवारीचा प्रश्न निवांत बसलेला असतो आणि दुसऱ्याच क्रमांकावर फलनांचा प्रश्न दार अडवून उभा असतो. डेटाच्या विभागात तर सेटच निवडायचे असतात. चुकीचा सेट धरला की दहा-बारा मिनिटे गेलीच. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्नाच्या चुकीला १ वजा, आणि पर्याय नसलेल्या प्रश्नाला वजाबाकी नाही. या हिशेबात काय सोडावे हे ओळखण्याला जितकी किंमत आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला असेल.

सराव पेपर झाल्यावर मी विद्यार्थ्यांना घड्याळ बाजूला ठेवून तोच पेपर पुन्हा सोडवायला बसवतो आणि प्रत्येक प्रश्नापुढे "घ्यायला हवा होता" किंवा "सोडायला हवा होता" यांपैकी एक शेरा लिहायला सांगतो. सगळ्यांपुढे पहिलाच शेरा आला तर पेपर गुळगुळीत आहे. जवळजवळ सगळ्यांपुढे दुसरा आला तर पेपर काढणाऱ्याने आपली विद्वत्ता दाखवली आहे. दोन्ही प्रकारच्या पेपरांत निवड करण्याचा सराव होत नाही, आणि निवडीचा सराव होत नसेल तर अशा पेपराला कॅटची सराव परीक्षा म्हणण्यात अर्थ नाही. पेपर कठीण काढण्यामागे व्यवहारही असतो : घाबरलेला विद्यार्थी पुढचा कोर्स घेतो. विनामूल्य पेपर उलट सोपे असतात, कारण तिथे खूश झालेला विद्यार्थी हवा असतो. हे सगळेच करतात असे नाही, पण पैसे भरण्याआधी विनामूल्य पेपराबरोबर मालिकेतला एखादा सशुल्क पेपर कोणाकडून तरी पाहून घ्यावा.

पर्सेंटाईल, म्हणजे शेकडा किती उमेदवार आपल्या मागे आहेत तो आकडा, त्याबद्दल दोन शब्द. २०२४ च्या कॅटला सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले होते आणि तीन स्लॉटचे गुण एका मापावर आणून मग पर्सेंटाईल काढले गेले. सराव परीक्षेतला पर्सेंटाईल त्या दिवशी तो पेपर कोणी दिला यावर अवलंबून असतो. जूनमध्ये गंभीर मुलेच बसलेली असतात, विनामूल्य पेपराला कोणीही बसतो. दोन वेगवेगळ्या मालिकांतले पर्सेंटाईल शेजारी मांडून घरात वाद घालणाऱ्या पालकांना मी हात जोडतो.

व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी

सरांशी मी पूर्ण सहमत नाही. डेटाच्या विभागापुरते तरी कठीण पेपर मला उपयोगी पडले, कारण काहीच सुटत नसताना शांत बसून एक सेट धरून ठेवण्याची सवय त्यांनी लावली, आणि काही वर्षी खरा पेपरही तसाच निघतो. मात्र त्या पेपरांचे गुण मी घरी सांगत नसे, आणि ऑक्टोबरनंतर ते पूर्ण बंद केले.

बारावीतल्या मुलीची आई, सुदामा नगर

वरील सर्व अनुभव कॅटचे आहेत, आमच्या घरात परीक्षा वेगळी होती. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा, पदवी आणि एमबीए मिळून एकत्रित अभ्यासक्रम २०११ साली सुरू झाला. बारावीनंतर त्याच्यासाठी जी आयपीमॅट परीक्षा होते, ती अनेक जण छोटी कॅट समजतात. तसे मुळीच नाही. २०२४ मध्ये तिच्यात ९० प्रश्न होते : गणिताचे पर्याय नसलेले १५, पर्याय असलेले ३०, आणि इंग्रजीचे ४५, प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. लॉजिकचा स्वतंत्र विभाग नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही.

"सर्व आयआयएमच्या एकत्रित अभ्यासक्रमांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या एका मालिकेत आम्हांला लॉजिकचे सेटच सेट मिळाले. आयआयएम रोहतकच्या परीक्षेत लॉजिकचा विभाग असतो, जम्मू आणि बोधगयासाठीच्या जिपमॅटमध्येही असतो. एकाच पेपरावर तीन लेबले लावून विकण्याचा तो प्रकार होता. मुलगी मात्र लॉजिकमध्ये मागे पडते म्हणून रडवेली होत होती. तिच्या मावशीने, ती शाळेत गणित शिकवते, मालिकेतले दोन पेपर आणि मागील वर्षांचे पेपर समोर ठेवून विषयांची यादी केली. मागच्या पेपरांत लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, क्रमचय-संचय, श्रेढी असे अकरावी-बारावीचे गणित भरपूर होते. मालिकेत नफा-तोटा आणि नळ-टाकी यांचीच गर्दी होती. यादी करायला एक संध्याकाळ लागली, आणि त्यानंतर कोणाला सल्ला विचारायची गरज उरली नाही. ज्यांच्या मुलांनी अकरावीला गणित सोडले आहे, त्यांनी ही यादी आधी करावी.

पुण्या-मुंबईकडे जाऊ पाहणारा पदवीधर

महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशाची सीईटी परीक्षा देणाऱ्या इंदूरकरांची संख्या कमी नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तिच्यात २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला वजाबाकी नाही. कॅटच्या सराव पेपरांवर तयार झालेला हात इथे फार सावकाश चालतो; तिथे प्रश्न सोडणे शिकलेलो असतो, इथे एकही रिकामा सोडायचा नसतो. १०० प्रश्न तर्क आणि आकृत्यांचे असतात, तेव्हा आकृत्यांचे प्रश्न चार-दोनच देऊन भागवणारी मालिका घेऊ नये. कॅटच्या मालिकेबरोबर फुकट मिळणारे सीईटीचे पेपर मला तरी बहुतेक कॅटच्याच उरलेल्या प्रश्नांचे वाटले.

दुसऱ्यांदा कॅट देणारी, स्नेहलतागंज

सरांचे शेरे आणि काकूंची यादी या दोन्हींचा आधार शेवटी एकच आहे : मागील वर्षांचे पेपर. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत प्रत्येकी तीन स्लॉट झाले, म्हणजे दोन तासांच्या घाटातले पंधरा खरे पेपर उपलब्ध आहेत. बहुतेक मुले ते जूनमध्येच प्रकरणवार फोडून सोडवतात, आणि मग सराव परीक्षा ताडून पाहायला हाताशी काही उरत नाही. आम्ही तिघी मैत्रिणींनी या वेळी जुने पेपर अभ्यासाला घेतले आणि २०२३ व २०२४ चे सहा बंद ठेवले. त्यांतला पहिला ऑगस्टमध्ये, घेतलेल्या मालिकेचे काही पेपर झाल्यावर, वेळ लावून सोडवला. गुणांत फरक पडणारच होता. आम्ही पाहिले ते हे की किती प्रश्न सोडले, त्यांतले किती पुढे सहज सुटले, आणि इंग्रजीत दोन पर्यायांवर किती वेळा अडकलो. एकीचे गणित दोन्हीकडे सारखे वागत होते, इंग्रजी मुळीच नाही, म्हणून तिने इंग्रजीसाठी दुसऱ्या मालिकेतले फक्त विभागवार पेपर घेतले. ते सुटे मिळतात आणि पूर्ण मालिकेपेक्षा स्वस्त पडतात. उरलेले पाच पेपर आम्ही दिवाळीनंतर, एकेका स्लॉटची वेळ धरून सोडवणार आहोत.