कागदावर थेट पॉझिटिव्ह: पांढरा भाग राखाडी, वर तपकिरी झाक

बेलोज४५:
४×५ इंची कॅमेऱ्यात फिल्मऐवजी मल्टिग्रेड आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला, फिल्टरने काँट्रास्ट बदलता येणारा फोटो-कागद), मीटर आयएसओ ६ वर. पहिला डेव्हलपर डेक्टॉल १:३ (एक भाग डेक्टॉल, तीन भाग पाणी), दीड मिनिट. ब्लीच (काळी झालेली चांदी काढून टाकणारं द्रावण) पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिडचं. मग पाण्यात धुऊन, दिवा लावून पुन्हा डेव्हलप. चित्र पॉझिटिव्ह येतं, पण आकाशसुद्धा राखाडी, सगळ्या कागदावर तपकिरी झाक, आणि कडांना इमल्शन (कागदावरचा चांदी असलेला जिलेटिनचा थर) सुटतं. ब्लीचला परमँगनेटऐवजी पोटॅशियम डायक्रोमेट घ्यावं का?

हायपो:
ब्लीचला नंतर दोष द्या. रिव्हर्सलमध्ये, म्हणजे निगेटिव्हशिवाय थेट पॉझिटिव्ह काढताना, पांढरा रंग पहिल्या डेव्हलपरात ठरतो. उजेड लागलेली चांदी तिथे पूर्ण काळी झाली नाही, तर उरलेलं हॅलाइड (चांदीचं उजेडाला संवेदनशील संयुग) दुसऱ्या डेव्हलपरात काळं होतं. तोच तुमचा राखाडी. डेक्टॉल १:१ करा, २० अंशांवर पूर्ण तीन मिनिटं. आयएसओ ६ निगेटिव्हसाठी ठीक आहे, इथे ३ धरा. कडक उन्हात एफ/८ ला साधारण १/१२ सेकंद. निगेटिव्हची सवय असली तर हे उलटं वाटतं: प्रिंट काळपट आली की एक्स्पोजर वाढवायचं.

तपकिरी झाक म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. ते नुसत्या पाण्याने जात नाही. ब्लीचनंतर थोडं धुऊन २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवा. डाग बघता बघता उडतो आणि मागे मलईरंगाची पुसट प्रतिमा उरते. तिथून पुढे सगळं दिव्याच्या उजेडात. पहिल्या डेव्हलपरनंतरही नीट धुवा, कारण सोबत आलेला डेव्हलपर परमँगनेट तिथल्या तिथे तपकिरी करतो.

ब्लीच असं: (अ) परमँगनेट ४ ग्रॅम, १ लिटर पाण्यात. (ब) तीव्र सल्फ्युरिक ॲसिड २० मिली, १ लिटर पाण्यात. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. वापरायच्या वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळा आणि काम झालं की टाकून द्या. कोरड्या परमँगनेटवर तीव्र ॲसिड ओतू नका, स्फोट होऊ शकतो. इमल्शन सुटतं ते याच ब्लीचमध्ये जिलेटिन मऊ पडल्यामुळे. काळं गेलं की लगेच बाहेर काढा, दीड मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, आणि उन्हाळ्यात ट्रे थंड पाण्याच्या परातीत बसवा.

बेलोज४५:
बॅटरीचं ॲसिड चालेल? आणि पाणी बोअरचं आहे.

हायपो:
चालेल. १.२८ घनतेचं असेल तर २० मिलीऐवजी सुमारे ८० मिली. ब्लीचला मात्र डिस्टिल्ड पाणीच घ्या. पाण्यात क्लोराइड असलं की विरघळलेली चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन कागदातच बसते आणि पुढे काळी पडते. हायड्रोक्लोरिक ॲसिड याच कारणाने बाद. फेरिसायनाइड-ब्रोमाइडही नको, ते चांदी काढत नाही, परत हॅलाइड करून ठेवतं.

लालदिवा:
डायक्रोमेट इमल्शनला सौम्य आहे हे खरं: डायक्रोमेट ९.५ ग्रॅम, तीव्र सल्फ्युरिक १२ मिली, पाणी १ लिटर. पण ते कर्करोगकारक आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि मोरीत ओतू नका. घरच्या बाथरूममध्ये माझं मत परमँगनेटलाच.

काँट्रास्ट जास्त वाटला तर लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावा आणि एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आकाश पांढरंफेक आणि लाल साडी काळी, हे मात्र या कागदावर राहणारच. काळा भाग फिका पडत असेल तर सेफलाइट (डार्करूमचा लाल दिवा) तपासा: त्याच्या उजेडाने कागदावर बसलेला फॉग (नको असलेला काळपटपणा) ब्लीचमध्ये धुऊन जातो आणि काळ्याला हॅलाइडच उरत नाही.

शेवटी मिनिटभर फिक्सर (उरलेलं हॅलाइड काढणारं द्रावण) द्या. त्यात प्रिंट उजळली तर दुसरा उजेड किंवा दुसरं डेव्हलपिंग अपुरं आहे. १०० वॅटच्या बल्बखाली मीटरभरावर मिनिटभर धरा. आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतील. ती सुलटी हवी असतील तर लेन्सपुढे ४५ अंशांत आरसा लावा, तोही पुढच्या बाजूला मुलामा असलेला. साध्या आरशात दुहेरी प्रतिमा येते.