सेशन कोर्टात ज्युरी नाही, मग जजनी पुरावा किती धरायचा हे ठरतं कसं?

पंचवटीकर:
मागच्या महिन्यात नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात माझ्या मावसभावाच्या खुनाच्या केसचा निकाल लागला. आरोपी सुटला, संशयाचा फायदा दिला म्हणे. मावशी तेव्हापासून नीट जेवतसुद्धा नाही आणि गल्लीत सगळे म्हणतात पैसे चारले, मला तसं मानायचं नाहीये पण दुसरं कारण कोणी समजावून पण सांगत नाही. अमेरिकेतल्या खटल्यांचे व्हिडिओ बघतो मी, तिकडं जज ज्युरीतल्या बारा सामान्य माणसांना कागदावरून वाचून दाखवतो की पुरावा कशाला म्हणायचं, आरोपी गप्प बसला तर ते त्याच्या विरोधात धरायचं नाही, खात्री कितपत पाहिजे, सगळं. निदान सगळ्यांच्या कानावर तरी पडतं. आपल्याकडे जज एकटाच, त्याला कोण सांगतं? दोन साक्षीदार फितूर झाले हे मान्य आहे पण भाऊ शेवटचा दिसला तो आरोपीबरोबरच, आणि कोयता पण त्यानंच काढून दिला. एवढं पुरत नाही का?

नाशिकरोड_वकील:
दादा, मावशींचं ऐकून वाईट वाटलं. निकालपत्र वाचल्याशिवाय तुमच्या केसवर बोलणं बरोबर नाही, पण मोजमाप काय असतं ते सांगतो. साक्षीच्या कायद्यात 'शाबीत' ची व्याख्या आहे, शहाणा माणूस जी गोष्ट खरी धरून पुढचं पाऊल टाकेल ती शाबीत, जुन्या कायद्यात ते कलम ३ होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात कलम २ मध्ये तेच आहे. फौजदारी केसमध्ये त्याच्यावर अजून एक पट्टी लागते, वाजवी शंका उरता कामा नये, आणि ही पट्टी सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून घट्ट झालीय. त्यातले दोन मोठे निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच केसेसचे आहेत. १९७३ चा शिवाजी बोबडे, त्यात म्हटलंय की 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यात लांबचं अंतर आहे. पण त्याच निकालात हेही बजावलंय की बारीकसारीक शंका ओढूनताणून काढून गुन्हेगार सोडत बसायचं नाही, हा भाग बचावाचे वकील कधीच वाचून दाखवत नाहीत. दुसरा १९८४ चा शरद सारडा. डोळ्यानं बघणारा कोणी नसेल तर परिस्थितीची एक एक कडी शाबीत पाहिजे, सगळ्या कड्या जुळून साखळी पूर्ण पाहिजे, आणि आरोपी निर्दोष असेल असा दुसरा अर्थ निघायलाच नको.

आता शेवटचं बरोबर दिसणं. दिसला कधी आणि मयत झाला कधी यात जास्त तास गेले तर मधे दुसरं कोणी आलं असेल ही शंका उभी राहते. कोयता काढून दिला त्या पंचनाम्याचे पंच फुटले असतील तर सगळा भार तपासी अधिकाऱ्याच्या साक्षीवर येतो. पंच फुटले म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही, फितूर साक्षीदाराची साक्ष पण सगळी पुसली जात नाही, पण कोयत्यावरच्या रक्ताचा गट सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीच्या अहवालात, निघालाच नाही तर तो कोयता याच खुनातला कशावरून? अशी एक कडी तुटली तरी पुरते.

आणि अमेरिकेचं म्हणाल तर ज्युरी फक्त दोषी की निर्दोष एवढं सांगते, का ते सांगावं लागत नाही. आपल्या जजला मुद्दे मांडून प्रत्येकाचं कारण लिहावं लागतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३९३. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात लिहिलेलं आहे, ते आधी मिळवा.

जुनंनाशिक_मास्तर:
वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. ज्युरी आपल्याकडे होतीच की, आणि जजनी तिला काय समजावलं यावर खटले फिरलेत. नानावटी केस बघा, एप्रिल १९५९, मुंबई, नौदलाच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ती. ज्युरी ८ विरुद्ध १ नी म्हणाली निर्दोष. सेशन जजला ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं, आणि हायकोर्टानं काय पकडलं तर जजनीच ज्युरीला कायदा चुकीचा समजावला होता! झटापटीत गोळी सुटली, अपघात झाला असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवायची जबाबदारी त्याची, हे ज्युरीला सांगितलंच नाही. सुप्रीम कोर्टानं २४ नोव्हेंबर १९६१ ला जन्मठेप कायम केली, त्यात अचानक संतापाचा मुद्दा कसा तपासलाय बघा, घरातून दीडला निघाला, खून चार वीसला, मधे जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, म्हणजे डोकं थंड व्हायला वेळ होता. लोक म्हणतात नानावटीमुळे ज्युरी गेली, पण लॉ कमिशननं १९५८ लाच ती बंद करा म्हटलं होतं, आणि कायद्यातून गेली ती १९७३ च्या संहितेनं.

आणि ज्युरी म्हणजे न्याय असं तर मुळीच नाही. १९०८ ला टिळकांना ज्युरीनंच ७ विरुद्ध २ नी दोषी धरलं. लेख केसरीतले मराठी, ज्युरीपुढं इंग्रजी भाषांतर, टिळक स्वतः उभे राहून सांगत होते की भाषांतर चुकलंय, तरी सहा वर्षं मंडाले. पुढच्याच वर्षी आपल्या नाशकात विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, तो खटला तर ज्युरीशिवायच तीन जजांपुढं चालवला, सरकारनं १९०८ ला तसा कायदाच करून ठेवला होता.

देवळालीची_लेक:
सगळं खरं, पण कारण लिहिलेलं असतं म्हणून त्या मावशीला कळलं का? साक्षी मराठीत होतात, लोकं मराठीत रडतात, आणि निकाल चाळीस पानी इंग्रजीत. माझ्या वडलांच्या ॲक्सिडेंटच्या केसमध्ये आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून अनोळखी माणसांना विचारत होतो काय झालं म्हणून. इंग्लंडात जज ज्युरीला आता सरळ सांगतात की तुमची खात्री पटली असेल तरच दोषी म्हणा, इतकं साधं वाक्य. आपल्याकडे निकाल वाचल्यावर घरच्यांना दहा मिनिटं मराठीत का सुटला ते सांगायला काय हरकत आहे? गल्लीतल्या अर्ध्या अफवा तिथंच थांबतील. माझं हे ठाम मत आहे.

पंचवटीकर:
ताई अगदी मनातलं बोललात. वकीलसाहेब, नक्कल कुठं मिळेल आणि पुढं काही करता येतं का, सरकारी वकील म्हणाले वरून परवानगी आली तर अपील करू.

नाशिकरोड_वकील:
सरकारची वाट बघायची गरज नाही. २००९ पासून पीडिताला स्वतः अपील करता येतं, जुनं ३७२ चं परंतुक, नवं ४१३, आणि पीडित म्हणजे कायदेशीर वारस पण, त्यामुळे मावशी स्वतः हायकोर्टात जाऊ शकतात. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांना वेगळी परवानगी पण मागावी लागत नाही. एक मात्र आधीच सांगतो, निर्दोष सुटलेल्याच्या बाजूनं हायकोर्टात दुप्पट झुकतं माप असतं, जजचा निष्कर्ष पुराव्यावरून निघू शकत असेल तर दुसराही निघतो म्हणून बदलत नाहीत, तेव्हा मावशींना आशा लावताना जपून. नकलेचा अर्ज कोर्टातच नक्कल विभागात, आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, टाकला तर निकाल कदाचित आजच दिसेल. मुदतीचे दिवस चालू आहेत, त्यामुळे थांबू नका. मुद्द्यांचा तक्ता सुरुवातीला असतो, तिथून वाचायला घ्या, नाही समजलं तर सोमवारी दुपारी बार रूममध्ये या, आपण मावशींसमोर बसून मराठीत वाचू.

पंचवटीकर:
येतो सोमवारी, मावशीला घेऊनच येतो.