सोलापूरच्या उन्हात लिक्विड कूलरच पाहिजे म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

पार्क चौकातला

परवा या फोरमवर एकानं ठासून लिहिलं की सोलापुरात प्रोसेसरवर एअर कूलर, म्हणजे नुसत्या पंख्याचा, लावून गेमिंग पीसी बांधणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. मे महिन्यात पारा ४३ वर जातो, म्हणून इथं प्रोसेसरची उष्णता पाण्यानं वाहून नेणारा, ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलरच हवा, असं त्याचं म्हणणं. मी वाचून सोडून दिलं असतं. पण खाली अकरावी-बारावीची पोरं लिहायला लागली, "मग ग्राफिक कार्ड एक पायरी खालचं घेतो आणि लिक्विड बसवतो." तिथं माझं डोकं सटकलं.

लिक्विड कूलर म्हणजे फ्रीज नव्हे. त्याच्या रेडिएटरमधून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पत्र्यांमधून, जाते ती खोलीतलीच हवा. खोली ४० डिग्री असेल तर आतलं पाणी ४० च्या खाली जाणं शक्यच नाही. खोली दहा डिग्रीनं तापली की एअर काय आणि लिक्विड काय, दोन्हीकडं प्रोसेसर साधारण तेवढाच वर चढतो. मोठ्या रेडिएटरचा फायदा दिसतो तो प्रोसेसर दोनशे-अडीचशे वॅट ओढत असेल तेव्हा. ही पोरं घेणार रायझन ५ ५६००. तो ६५ वॅटचा, त्याची तापमान मर्यादा ९०. दोन-अडीच हजारांचा टॉवर कूलर (उभ्या पत्र्यांचा एअर कूलर) त्याला भर उन्हाळ्यातसुद्धा पुरतो.

गेम खेळताना खरी उष्णता ग्राफिक कार्डातून येते. आरटीएक्स ३०६० कार्ड घ्या, १७० वॅट. ४०७० घ्या, २०० वॅट. प्रोसेसरवर कितीही पाणी फिरवलं तरी ते कार्ड तेवढंच तापणार, आणि सगळी गरम हवा शेवटी तुमच्याच खोलीत येणार. दार लावून दुपारी खेळत बसलात तर कूलर बदलून काही होत नाही. फ्रेम रेट ६० किंवा ७५ वर बांधा, कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली ओढा, खिडकी उघडा. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

आपल्याकडं मशीन मरतात त्या तीन गोष्टींनी: कापसाचा तंतू, भिकार एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) आणि लाइट. अशोक चौकाकडच्या एका मित्राचा पीसी गेम चालू केला की बंद पडायचा. सगळे म्हणत होते प्रोसेसर गेला. कूलरचा पंखा काढला तर पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये तंतूंचा जाड थर बसलेला, नखानं धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. पत्र्यांतून हवा जायला जागाच नव्हती. थर काढला, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नवीन लावली, नव्वदीच्या वर पळणारा आकडा सत्तरीच्या आसपास आला. त्याला लिक्विड बसवला असता तर रेडिएटर असाच भरला असता.

स्लॅबखालचा

ते मीच लिहिलं होतं. मागं घेणार नाही.

जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो. माझा प्रोसेसर इंटेलचा १४७००के आहे, दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री खेळतो. टॉवर कूलरवर रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) लावला की काही सेकंदांत १०० ला टेकायचा आणि स्पीड कमी करायचा. लिक्विड बसवला, रेडिएटर वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा. आता तेच काम चालू असताना १०० लागत नाही, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला पंख्याचा आवाज जात नाही.

तुमचं गणित ठीक असेल. पण प्रोसेसरची उष्णता कॅबिनेटमध्ये न फिरता थेट वरून बाहेर जाते, याचा ग्राफिक कार्डालाही फायदा होतो. ते तुम्ही सोयीस्कर सोडून दिलंत.

पार्क चौकातला

१४७००के पूर्ण लोडवर अडीचशे वॅट ओढू शकतो. त्याला लिक्विड पाहिजे हे मी वरच लिहिलंय. तुम्ही मात्र "सोलापुरात लिक्विडच" असं लिहिलंत, प्रोसेसरचं नाव घेतलं नाहीत. वाचणारा पोरगा पन्नास-साठ हजारात अख्खी मशीन बसवायला निघालाय. तुमच्या एका वाक्यानं त्याचे आठ-दहा हजार चुकीच्या जागी जातात.

आणि १४ वी पिढी आहे तर बायोस (मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का? १३ व्या आणि १४ व्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळं प्रोसेसर हळूहळू खराब व्हायचे, इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर बायोसमधून येणारा दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कूलरच्या आधी ते करा.

धोटा

कापसाचा तंतू, कापसाचा तंतू. पीसी बंद पडला की बोट आमच्या मागांच्या पूर्व भागाकडं. आमचा कारखाना खाली, आम्ही वर राहतो. आजोबांपासून चादरी आणि टॉवेल. या गावाचं नाव देशभर झालं ते त्याच तंतूवर, चादरीला जीआय (गावाच्या नावाचा भौगोलिक मानांकनाचा शिक्का) मिळाला तो त्याच्यावरच. कचरा असल्यागत बोलू नका.

मशीन तिथंच ठेवतो मी, मागांच्या डोक्यावर, आणि चांगली चालायली. करायचं काय ते सांगतो. आत हवा ओढणारे पंखे जास्त, बाहेर फेकणारे कमी. म्हणजे फटींतून हवा आत न येता बाहेर जाते, आणि तंतू पुढच्या जाळीवरच अडकतो. जाळी चुंबकाची घ्यायची, दर आठवड्याला काढून झटकायची. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरायचं, मोकळा भन्नाट फिरू द्यायचा नाही, बेअरिंग जातं. एवढं केलं तर दोन्ही कूलर चालतात. आळस करायचा आणि गावाला नावं ठेवायची, हे काय बरोबर नाही बे.

पार्क चौकातला

मागांना नावं ठेवलेली नाहीत, तंतू अडकतो एवढंच म्हटलंय. जाळीचं आणि हवेच्या दाबाचं मात्र तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत, ते मान्य.

शेंगाचटणी

मध्येच विचारतो. विजापूर रोडला भाड्यानं राहतो. अनवाणी बसून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, यूएसबी लावताना तर चांगलाच झटका. दुकानदार म्हणाला पत्र्याच्या कॅबिनेटला एवढं होतंच, चप्पल घालून बसत जा. खरंय का?

अर्थिंगवाला

होतंच म्हणणाऱ्याकडून परत काही घेऊ नका. तुमच्या बोर्डाला अर्थिंग नाही.

वायरिंगचं काम करतो, रोज हेच बघतो. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांतला थोडा करंट जमिनीत जातो. नसेल तर अख्खी बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस मरत नाही, मुंग्या येतात. पण उद्या एसएमपीएसमध्ये आतून फेज बॉडीला चिकटली तर चप्पल वाचवणार नाही. त्याच अवस्थेत टीव्हीला एचडीएमआय लावताना पोर्ट उडालेले मी बघितलेत.

आपल्याकडं जमीन काळी, खाली लगेच मुरूम आणि खडक. उन्हाळ्यात माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा जुना खड्डा काम करेनासा होतो. कोळसा-मीठ भरलेला खड्डा असेल तर त्यात पाणी ओतावं लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे मलाही माहितेय, कपडे धुतलेलं ओता, पण ओता. लोक कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर हजारो घालतात आणि अर्थिंगचे पैसे मागितले की घासाघीस करतात.

स्लॅबखालचा

माझ्या जुन्या घरी अर्थिंग नव्हतं, कित्येक वर्षं पीसी चालला, काही झालं नाही. इथं चर्चा कूलरची आहे.

अर्थिंगवाला

तुम्हाला काही झालं नाही म्हणून याला सांगणार का, राहू दे म्हणून? अशी उत्तरं वाचूनच लोक तीन पिनच्या वायरची वरची, अर्थिंगची पिन कापून दोन पिनच्या बोर्डात घालतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो ते.

शेंगाचटणी

घरमालक म्हणतात मीटर नवीन आहे, अर्थिंग आहेच. मल्टिमीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये २२५ दाखवतो. म्हणजे आहे ना?

अर्थिंगवाला

नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. तो जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळं कमजोर अर्थिंगलाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून बघायचा. झगझगीत पेटला तर अर्थिंग घेतंय, मिणमिणला तर नावापुरतं आहे. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, पडलाच पाहिजे. हे स्वतः करायचं नाही, वायरमन बोलवायचा.

सिंहगड रोड, मूळ सोलापूर

अर्थिंग पाहिजेच. आमच्या साखर पेठेतल्या घरी खांबावरचा न्यूट्रल तुटला तेव्हा टीव्ही, पंखे, भावाचा पीसी, सगळं एका मिनिटात गेलं. अर्थिंग असतं तर वाचलं असतं.

अर्थिंगवाला

नसतं वाचलं. न्यूट्रल तुटला की दोन फेजमधलं व्होल्टेज घरांत वाटलं जातं, २३० च्या जागी चारशेपर्यंत जाऊ शकतं. त्याला अर्थिंगचा इलाज नाही. त्यासाठी मेन बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं यंत्र बसवतात. स्पाइक गार्डसुद्धा तिथं टिकत नाही, त्यातला भाग एकदा मार खाऊन गेला की दिवा जळत राहतो आणि आत काहीच शिल्लक नसतं.

नवी पेठ काउंटर

इथं दुकानदारांना शिव्या चालल्यात म्हणून लिहितो. वरच्या भाऊंना चप्पल घाल म्हणणारा चुकला, त्याची बाजू घेत नाही. पण आमचंही ऐका. पार्ट ऑनलाइन मागवायचे, हजार-पाचशे वाचवायचे, आणि डिस्प्ले आला नाही की सगळी खोकी घेऊन आमच्या काउंटरवर. तपासायचे दोनशे मागितले तर तोंड वाकडं. निम्म्या वेळा मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते. नाहीतर रॅमची पट्टी शेवटपर्यंत बसलेली नसते. ३२०० ची रॅम एक्सएमपी (बायोसमधली रॅमच्या पूर्ण स्पीडची सेटिंग) न लावता २४०० वर चालवतात आणि म्हणतात दुकानदारानं फसवलं.

सिंहगड रोड, मूळ सोलापूर

फसवत नाहीत का? भावाला एका दुकानात गेमिंग पीसी म्हणून दिला त्यात एसएमपीएस कुठल्या कंपनीचा ते बिलावर नाही, वर नुसतं ४५० वॅट छापलेलं, हातात घेतला तर पोकळ डब्यासारखा हलका. तोच पेटला आणि मदरबोर्ड घेऊन गेला. बिलावर नाव नाही म्हणून वॉरंटी नाही. तेव्हापासून आम्ही सिकंदराबादला जाऊन सीटीसीतून, तिथल्या कॉम्प्युटर मार्केटमधून, आणतो. निम्मे नातेवाईक तिकडंच, राहायचा प्रश्न नाही.

नवी पेठ काउंटर

तो मी नव्हे, आणि सगळ्यांना एका काठीनं हाणू नका! सिकंदराबादहून आणलेलं कार्ड बिघडलं की परत गाडीत बसणार का? माझ्याकडं घेतलेलं मी पार्सल करतो, पाठपुरावा करतो, गिऱ्हाईक घरी बसून असतं. त्याचे चार पैसे लागतात.

बिलाचं तुमचं म्हणणं मात्र मान्य करावं लागेल. प्रत्येक पार्टचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर बिलावर आलाच पाहिजे. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग तो माझ्या शेजारचा का असेना. आणि '८० प्लस' बघून भुलू नका, ते फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र. शॉर्टसर्किट, जास्त व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे की नाही, ते मॉडेलची चाचणी वाचूनच कळतं.

धोटा

यूपीएसचं कुणी बोलंना. ६०० व्हीएचा (यूपीएसवर छापलेली क्षमता) यूपीएस म्हणजे ३६० वॅट, तेही नवीन असताना. लाइट गेली की गेमच्या मध्येच मशीन धाडकन बंद, आणि लोक एसएमपीएसला दोष देतात. बॅटरीवर स्वस्त यूपीएसच्या विजेची लाट चौकोनी येते, काही चांगले एसएमपीएस ती घेतच नाहीत. हजार व्हीए तरी घ्या, आणि घ्यायच्या आधी स्वतःच्या मशीनवर गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा.

स्लॅबखालचा

माझ्या लिखाणात आता प्रोसेसरचं नाव घालतो: १४७००के किंवा तसलाच दोनशे वॅटच्या वरचा असेल तरच ३६०. पासष्ट वॅटवाल्यांनी टॉवर घ्या. पण वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहणाऱ्यांचा त्रास खाली राहणाऱ्यांना कळत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. उन्हाळ्यात दुपारी माझ्या खोलीत या, मग बोलू.

पार्क चौकातला

स्लॅबला पांढरा चुना मारा, खोलीच तीन-चार डिग्रीनं उतरेल. प्रोसेसर, कार्ड आणि तुम्ही, तिघांनाही उपयोग. नाव घातलंत ते बरं केलंत.

शेंगाचटणी

वायरमन येऊन गेला. बल्ब मिणमिणला. घरमालक म्हणतात खड्ड्याचा खर्च भाडेकरूनं करायचा. निम्मा-निम्मा करू म्हटलंय, अजून उत्तर नाही.

अर्थिंगवाला

उत्तर येईपर्यंत त्या बोर्डावर पीसी लावू नका. आणि त्यांना सांगा, त्याच मीटरवर त्यांचा गीझर आणि पाण्याची मोटर आहे.