मदत हवी आहे: चित्र टीव्हीच्या मधोमध एवढंसं दिसतंय (स्टार वॉर्स)

अभिजित_क
मंडळी, घाईत आहे. उद्या संध्याकाळी मित्र जमतायत, त्यांना मूळ स्टार वॉर्स दाखवायचंय. डिस्क लावली तर चित्र पडद्याच्या मधोमध, चारही बाजूंनी काळं. एवढा मोठा टीव्ही असून निम्म्याहून जास्त पडदा रिकामाच. बाकीच्या डिस्क नीट दिसतात, म्हणजे टीव्ही ठीक आहे. टीव्हीच्या मेनूत जे दिसलं ते सगळं बदलून पाहिलं. डिस्क खराब असेल का? प्लेअरमध्ये काही करावं लागतं का? कृपया लवकर सांगा, आणि 'आधी शोधून बघा' नको, ते झालंय.

ध्रुवतारा
कोणती डिस्क? डीव्हीडी, ब्लू-रे की ४के? कोणत्या सालची? प्लेअर टीव्हीला कशाने जोडलाय? एवढं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर देता येणार नाही.

अभिजित_क
लिहिलंय ना वर, मूळ स्टार वॉर्स. पहिला भाग. एचडीएमआयने जोडलाय.

मैथिली
पहिला म्हणजे १९७७ चा की १९९९ चा? आजकाल दोन्हींना पहिला म्हणतात.

अभिजित_क
१९७७ चाच. मूळ म्हणजे मूळ, जो तेव्हा थिएटरात लागला तो.

उडती तबकडी
डीव्हीडी असेल तर सोडून द्या हो. २०२० साली सगळे भाग ४के डिस्कवर आलेत. रंग २०११ च्या ब्लू-रेपेक्षा कितीतरी नैसर्गिक, आवाज दणदणीत, आणि ४के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, कुठलीही कुठेही चालते. एकदा ती बघितली की मागे जावंसं वाटत नाही.

पडद्यामागचा
तबकडी, त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय? त्यांना मूळ आवृत्ती दाखवायचीय आणि ४के डिस्कवर ती नाहीच. १९९७ ची 'स्पेशल एडिशन', तिच्यावर २००४ चे बदल, त्यावर २०११ चे, वरून २०१९ ला ग्रीडो या पात्राच्या तोंडी घातलेला 'मॅक्लंकी' हा शब्द. हे सगळं मिळून जे झालं ते ४के वर आहे. हान आणि जब्बा या पात्रांचा तो प्रसंग १९७७ ला पडद्यावर नव्हताच, मॉस आयझली गावात फिरणारे ते प्राणीही नव्हते.

अभिजित, एक करा. सुरुवातीला तिरका वर सरकणारा पिवळा मजकूर येतो, तो बघा. नावानंतर 'एपिसोड ४' असं येतं का, की थेट मजकूर सुरू होतो? ती ओळ १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात घातली गेली. तेवढ्यावरून डिस्क ओळखता येईल.

सुहासकाका
मित्रांना दाखवायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी ४, ५, ६ (१९७७ चा म्हणजे ४) आणि मगच १, २, ३ (१९९९ पासूनचे). बरेच जण नव्या माणसाला १९९९ च्या भागापासून सुरुवात करून देतात आणि 'एम्पायर' (भाग ५) मधलं सगळ्यात मोठं रहस्य आधीच फोडून टाकतात. माझा आवडता क्रम ४, ५, २, ३, ६. वडिलांचं रहस्य कळलं की मागे जाऊन त्या वडिलांची गोष्ट बघायची आणि मग शेवट. दोन-तीन संध्याकाळी काढा, घाई करू नका.

अभिजित_क
काका, क्रम नंतर बघू. आधी चित्र मोठं होऊ दे.
@पडद्यामागचा: पाहिलं. 'एपिसोड ४' वगैरे काही नाही, नावानंतर थेट मजकूर. खोक्यात दोन डिस्क आहेत. पहिली पूर्ण पडद्यावर दिसते, ही दुसरी छोटी दिसते.

पडद्यामागचा
मग कोडं सुटलं. तुमच्याकडे २००६ चा दोन डिस्कचा संच आहे. पहिल्या डिस्कवर २००४ ची बदललेली आवृत्ती आणि दुसरीवर 'जादा साहित्य' म्हणून १९७७ ची मूळ. डिस्क खराब नाही, ती बनवलीच आहे तशी.

त्या मूळ आवृत्तीसाठी नवीन फिल्म स्कॅन केली गेली नाही. १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीआधीची मोठी तबकडी) तयार केलेली प्रत उचलून डीव्हीडीवर घातली. ती जुन्या ४:३ (रुंदी:उंची) टीव्हीसाठी होती, म्हणून वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भरलेल्या आहेत. आता तुमचा टीव्ही १६:९. प्लेअर त्या ४:३ चौकटीला डावी-उजवीकडे आणखी पट्ट्या जोडतो. दोन्ही मिळून चारही बाजूंनी काळं.

नुकसान किती होतं तेही सांगतो. एनटीएससी (अमेरिकी पद्धतीच्या) डीव्हीडीत ४८० ओळी असतात. हा चित्रपट २.३५:१ असा रुंद, तो ४:३ चौकटीत बसवल्यावर चित्राच्या वाट्याला जेमतेम २७० ओळी येतात, बाकीच्या काळ्या रंगावर खर्च. हीच डिस्क रुंद टीव्हीसाठी ॲनामॉर्फिक (चित्र आडवं दाबून भरायचं, दाखवताना परत रुंद करायचं) केली असती तर ३६० च्या वर मिळाल्या असत्या. २००६ साली, बाकी सगळे चित्रपट ॲनामॉर्फिक येत असताना, या चित्रपटाच्या वाट्याला हे यावं याचं मला आजही वाईट वाटतं.

नीलकंठ
१००% सहमत. एलियनचा २००३ चा डीव्हीडी संच बघा, चारही भागांच्या दोन-दोन आवृत्त्या सन्मानाने दिल्या आहेत. ब्लेड रनरच्या २००७ च्या खोक्यात तर पाच आवृत्त्या होत्या. दिग्दर्शकाला हवा तो बदल त्याने करावा, पण जुनं शेजारी ठेवावं.

उडती तबकडी
एलियन ३ ची ती 'असेंब्ली कट' नावाची दुसरी आवृत्ती दिग्दर्शक फिंचरने केलेली नाही, तो त्या संचाच्या कामात नव्हताच. त्यामुळे 'दिग्दर्शकाचा सन्मान' तिथे लागू होत नाही. स्टार वॉर्सचं उलट आहे, इथे निर्माता स्वतः सांगतोय की ही माझी अंतिम आवृत्ती. मग ती मान्य करायला नको?

पडद्यामागचा
बदल करायचा हक्क त्यांचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. जुनी आवृत्ती चांगल्या स्वरूपात मिळू नये, यावर आहे. १९८८ साली स्टार वॉर्सचे कर्ते लुकास स्वतः अमेरिकन काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध बोलले होते. १९८९ ला हाच चित्रपट तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, तेव्हा १९९७ चे बदल अस्तित्वातच नव्हते. आणि दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं ते परिणाम-प्रमुख डायक्स्ट्राच्या संगणक-नियंत्रित कॅमेऱ्याने टिपलेल्या छोट्या प्रतिकृतींना. डेथ स्टार या अंतराळतळावरच्या हल्ल्यातली त्यांतली काही दृश्यं काढून १९९७ ला संगणकावर बनवलेली यानं घातली. ज्या माणसांनी हातांनी ती यानं घडवली त्यांचं काम झाकलं गेलं. ते पुढच्या पिढीला दिसायलाच हवं.

मैथिली
अभिजितना उपाय कोणी सांगितला का? मी वर-खाली शोधतेय, सापडत नाहीये.

ध्रुवतारा
सांगतो. प्लेअर डीव्हीडीला १०८०पी (१०८० ओळींचं चित्र) करून पाठवत असणार. मग टीव्हीला वाटतं की पूर्ण १६:९ चित्र आलंय, आणि बरेच टीव्ही अशा वेळी झूम बंदच ठेवतात. तुम्ही मेनूत कितीही फिरलात तरी म्हणूनच काही झालं नसेल.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट ४८०पी करा. डिस्क पॅल (युरोप-भारतातली पद्धत) असेल तर ५७६पी. मग टीव्हीच्या चित्र-आकाराच्या मेनूत 'झूम' किंवा 'सिनेमा झूम' दिसेल, ते निवडा.

अजिंक्य००७
एवढं कशाला? प्लेअरमध्ये ४:३ चं सेटिंग असतं, तिथे 'फुल' करा. बाजूच्या पट्ट्या जातात. मी सगळ्या जुन्या डिस्क अशाच बघतो.

अभिजित_क
अजिंक्यचं सोपं वाटलं म्हणून आधी ते केलं. बाजूच्या पट्ट्या गेल्या, पण सगळी माणसं जाडी झाली. आर-टू-डी-टू रोबो तर पिंपासारखा दिसतोय. हे नाही चालणार.

ध्रुवतारा
'फुल'ने चित्र फक्त आडवं ताणलं जातं, उंची तेवढीच राहते. ते परत मूळ जागी आणा आणि मी सांगितलं ते करा. झूममध्ये दोन्ही दिशांना सारखं वाढतं.

अजिंक्य००७
मला तरी जाडी दिसत नाहीत. सवय होते.

ध्रुवतारा
सवय होते म्हणून ते बरोबर होत नाही. डेथ स्टार गोल असायला हवा, अंडाकृती नाही. तेवढं तपासून बघा.

सागर_पी
माझ्या मते प्रोजेक्टर घ्यावा. प्रोजेक्टरवर काळ्या पट्ट्या अंधारात दिसतच नाहीत.

अभिजित_क
उद्यासाठी प्रोजेक्टर कुठून आणू? प्लीज विषयावर राहा.

ध्रुवतारा, ४८०पी केलं आणि 'झूम' दिसायला लागलं! डावी-उजवीकडचं काळं गेलं, माणसंही नीट दिसतायत. पण वर-खाली पट्ट्या अजून आहेत. त्या कशा घालवायच्या?

ध्रुवतारा
त्या घालवायच्या नाहीत. चित्रपट २.३५:१, टीव्ही १.७८:१. पट्ट्या घालवायच्या तर डावी-उजवीकडचं चित्र कापावं लागेल. जुळ्या सूर्यांच्या दृश्यात नायक ल्यूक कडेला आणि क्षितिज पसरलेलं, ते कापून काय उरणार? राहू द्या.

अजिंक्य००७
माझ्याकडे अजून एक झूम आहे, 'झूम २'. त्यात पूर्ण पडदा भरतो.

मैथिली
अजिंक्य, भरतो हो, पण चित्राचा चौथा हिस्सा पडद्याबाहेर जातो.

अभिजित_क
ठीक, पट्ट्या राहू देतो. आता आवाज. पहिल्या डिस्कवर सगळे स्पीकर वाजतात, दुसरीवर फक्त पुढचे दोन. हेही डिस्कमुळेच?

ध्रुवतारा
हो, त्या डिस्कवर आवाज डॉल्बी २.० (दोन मार्गांचा) च आहे. ॲम्प्लिफायरवर 'प्रो लॉजिक' चालू करा, मागचे स्पीकरही वाजतील. १९७७ चा डॉल्बी स्टिरिओ मुळात अशाच प्रकारे आवाजाच्या दोन मार्गांत चार भरून पाठवायचा, त्यामुळे हे कृत्रिम वाटणार नाही.

नीलकंठ
आवाजाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'मूळ' आवाज हा एक नाहीच. १९७७ ला ७० मिमी प्रतींसाठी सहा ट्रॅकचं मिश्रण होतं, ३५ मिमीसाठी डॉल्बी स्टिरिओ आणि बाकी थिएटरांसाठी मोनो (एकच मार्ग). मोनोत ल्यूकच्या बेरू मावशीचा आवाजच निराळा आहे, आणि यान ओढून धरणारा ट्रॅक्टर बीम सात ठिकाणी मुख्य रिॲक्टरला जोडलाय हे थ्रीपीओ रोबोचं वाक्य त्यात ऐकू येतं. माझ्यासाठी खरी आवृत्ती मोनोच. सगळ्यांत शेवटी तयार झाली ती.

पडद्यामागचा
शेवटी झाली म्हणून खरी, हे मला पटत नाही. त्याच न्यायाने २०१९ ची सगळ्यांत खरी ठरेल!

नीलकंठ
१९७७ च्या उन्हाळ्यात, त्याच लोकांनी, त्याच प्रदर्शनासाठी केलेलं काम आणि पुढे ४० वर्षांनी केलेलं काम यात फरक आहे.

सुहासकाका
अवांतर: स्टार ट्रेकच्या १९७९ च्या चित्रपटाचं बघा. दिग्दर्शक वाइज यांच्या सुधारित आवृत्तीची डीव्हीडी २००१ ला आली, पण नवे परिणाम डीव्हीडीच्याच दर्जाचे केले होते, म्हणून ती ब्लू-रेवर जाऊच शकली नाही. २०२२ ला सगळं नव्याने करून ४के आणली. इच्छा असेल तर होतं. तोही संग्रही ठेवण्यासारखा आहे.

उडती तबकडी
काका, तो चित्रपट संथ आहे फार.

सुहासकाका
संथ नाही, भव्य आहे. एंटरप्राइज यानाभोवतीची ती पहिली फेरी मोठ्या आवाजात बघ, गोल्डस्मिथचं संगीत ऐक आणि मग सांग.

सागर_पी
अभिजित, चाहत्यांनी ३५ मिमी प्रतींवरून स्कॅन केलेल्या मूळ आवृत्त्याही आहेत. २७० ओळींपेक्षा किती तरी सरस. दुवा देऊ का?

व्यवस्थापक
अशा प्रतींचे दुवे इथे देऊ नयेत. चर्चा चालेल.

अभिजित_क
दुवा नको, जे हातात आहे तेच लावतोय. प्रो लॉजिकने आवाज छान झाला. चित्र मोठं झाल्यावर थोडं धूसर दिसतंय आणि कॅमेरा फिरला की मागे सावली ओढल्यासारखी दिसते, विशेषतः वाळवंटात. त्याला काही उपाय?

ध्रुवतारा
ती सावली १९९३ च्या प्रतीतच आहे. फिल्मचे दाणे घालवण्यासाठी तेव्हा जे डिजिटल गाळप केलं, त्याने ती आली. तुमच्याकडून जाणार नाही. धूसरपणासाठी टीव्हीचा शार्पनेस वाढवू नका, उलट कमी करा, नाहीतर प्रत्येक कडेला पांढरी रेघ येईल. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. नॉइज रिडक्शनही बंद, ते आणखी पुसतं. आणि खुर्च्या थोड्या मागे घ्या, टीव्हीला चिकटून बसू नका.

अभिजित_क
केलं सगळं. फरक आहे, बघण्यासारखं दिसतंय आता. सुरुवातीच्या दृश्यात ते मोठं यान डोक्यावरून जातं तेव्हा ती प्रतिकृती आहे हे कळतं आणि तरी श्वास अडकतो. तेच दाखवायचं होतं मित्रांना. मनापासून आभार ध्रुवतारा, पडद्यामागचा.

मैथिली
माझ्याकडे त्याच मालिकेतला 'जेडाय' (भाग ६) आहे, दोन डिस्कचा. शेवटी यब-नब गाणं असलेली आवृत्ती दुसरीवर, बरोबर? तीही अशीच छोटी दिसेल का?

ध्रुवतारा
बरोबर. तिन्ही भागांची दुसरी डिस्क अशीच आहे. तोच उपाय लागू पडेल: आउटपुट कमी, मग झूम. चित्रपट संपल्यावर आउटपुट परत १०८०पी वर न्यायला विसरू नका.

अजिंक्य००७
किंवा 'फुल'.