लिफ्टमधले माकडचाळे

सौ. भोसले (बी-४०२): नमस्कार. लिफ्टजवळची नोटीस आत्ता वाचली. "लिफ्टमध्ये माकडचाळे करणाऱ्यांवर कारवाई होईल." यातलं माकड कोण ते अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. शब्द मागे घ्या.

देशमुख (सेक्रेटरी): वहिनी, नोटिशीत कोणाचंच नाव नाही. माकडाचा मुखवटा घालून लिफ्टमध्ये उड्या मारल्या, लिफ्ट चाळीस मिनिटं अडकली. याला दुसरं काय म्हणायचं?

सौ. भोसले: पोरं रील करत होती. शिमग्याचे दिवस आहेत.

वानखेडे (ए-२०१): आमच्या नागपुरात म्हटलं असतं, "काऊन येड्यावानी करून राह्यला बे." विषय खतम.

देशमुख: नोटिशीत "बे" लिहू का?

सौ. साळवी (सी-१०१): टँकरच्या हिशोबाचं काय झालं?

जोशी सर (ए-३०४): 'चाळा' शब्द मुळात वाईट नाही. हाताला काहीतरी चाळा हवा, असं आपण म्हणतोच. अनेकवचन झालं की बिघडतो. 'चेष्टा'चंही तेच. संस्कृतात नुसती हालचाल, मराठीत आली आणि टिंगल झाली. देशमुखांनी 'मर्कटचेष्टा' लिहिलं असतं तर निदान भारदस्त वाटलं असतं.

सौ. भोसले: सर, मर्कट म्हणजेही माकडच ना?

वानखेडे: सोवळ्यातलं माकड, वहिनी.

देशमुख: मग पर्याय सुचवा. आचरटपणा?

जोशी सर: आचरटपणा मोठ्या माणसांचा. कळायच्या वयात कळत नाही तेव्हा तो शब्द. चावटपणा अजिबात लिहू नका, भलताच अर्थ निघेल. वाह्यातपणा त्याहून जड. फाजीलपणा चालेल. गंमत म्हणजे उर्दूत फाजील म्हणजे विद्वान, आपल्याकडे प्रमाणाबाहेरचा. फाजील आत्मविश्वास, फाजील लाड.

सौ. भोसले: फाजील लाड कोणाला उद्देशून?

जोशी सर: उदाहरण होतं हो.

सौ. भोसले: शब्द मागे घ्या.

तन्मय (बी-२०३): पांचटपणा लिहा ना काका. आम्हाला तोच कळतो.

जोशी सर: पाणचट, तन्मय. पाणी जास्त झालेला. आधी चहा पाणचट, मग विनोद. थिल्लरही त्याच जातीतला. थिल्लर म्हणजे डबकं.

सौ. साळवी: पाणी निघालंच आहे तर सांगा, फेब्रुवारीत टँकर २२ आले की १७?

देशमुख: ताई, तो वेगळा विषय आहे.

सौ. साळवी: तुमच्या चर्चेत निदान डबकं तरी आहे. सी विंगला तेवढंही नाही.

पेडणेकर काका (ए-१०३): मी कुडाळचा. आमच्या दशावतारात संकासूर येतो. वेद चोरणारा राक्षस, काळा पेहराव, पण मालवणीत असा काही बोलतो की माणसं पोट धरून हसतात. शेवटी विष्णूच्या हातून मरतो. तिकडे गुहागरात शिमग्याला तो दारात येतो तेव्हा लहान पोरं आईच्या पदराआड जातात आणि आई त्याच्या पाया पडते. त्याला माकडचाळे कोणी म्हणत नाही. सोंग म्हणतात.

जोशी सर: पण पेडणेकर, "सोंगं करू नकोस" हेही आपणच म्हणतो. सोंग घेतलं तर कलावंत, सोंगं केली तर लबाड.

सौ. साळवी: आणि सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. टँकर.

तन्मय: साळवी काकू नाद खुळा!

सौ. भोसले: बघा, हा शब्द आमच्या कोल्हापूरचा. नाद खुळा म्हणजे कौतुक. पोराला मायेनं खुळ्या म्हणतो आम्ही. माझ्या ओंकारला मी दिवसातून दहा वेळा माकड म्हणते. पण ते मी म्हणते. बोर्डावर टाचणी मारून सोसायटीनं म्हणायचं नाही.

देशमुख: हा मेसेज डिलीट केला आहे.

सौ. भोसले: वाचलाय मी.

देशमुख: चुकून गेला. क्षमस्व.

जोशी सर: समर्थांनी म्हणूनच लिहून ठेवलंय, "टवाळां आवडे विनोद." दासबोधातली मूर्खलक्षणं सर्वांनी एकदा वाचावीत.

वानखेडे: सर, त्यात पढतमूर्खांचाही समास आहे ना?

जोशी सर: आहे. दुसरा दशक, दहावा समास. रोख समजला.

जोशी सर ग्रुपमधून बाहेर पडले.

पेडणेकर काका: वानखेडे, काय हा पोरकटपणा. त्यांना परत घ्या.

वानखेडे: हा नवीन शब्द. देशमुख साहेब, लिहून घ्या.

देशमुख यांनी जोशी सरांना समाविष्ट केले.

गोखले आजी (बी-५०१): लिफ्टमध्ये मीच होते. तक्रार मी केलेली नाही. मुखवटा बघून आधी दचकले, मग म्हटलं, मेल्या, शेपूट कुठंय? आत इतकं उकडत होतं, तर चाळीस मिनिटं त्यानं मला त्या मुखवट्यानंच वारा घातला. नातसुद्धा घालत नाही.

सौ. भोसले: बघितलंत?

पेडणेकर काका: मग तक्रार केली कोणी?

देशमुख: ते गोपनीय आहे. वाद नको, नोटीस बदलतो. "लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत. झालेला दुरुस्ती खर्च संबंधितांकडून वसूल केला जाईल." आता कोणाचा अपमान नाही ना?

जोशी सर: निर्दोष.

सौ. भोसले: खर्च किती आलाय?

देशमुख: ३,८०० रुपये.

सौ. भोसले: त्यापेक्षा माकडचाळेच राहू द्या.

सौ. साळवी: २२ की १७?